उकिरड्याचे दैव : काळी, पांढरी आणि शेंद्र्याच्या वाटेवरचा डोंगर

१/
छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याने शेंद्र्याकडे निघाले की सिडको, मुकुंदवाडी, विमानतळ एकेक करून मागे पडतात. डाव्या हाताला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत लागते आणि तिच्या पलीकडे नारेगाव. शहराने तीन दशकांहून अधिक काळ आपला कचरा ज्या जागी नेऊन टाकला, ती जागा याच बाजूला, नारेगाव आणि मांडकी या गावांच्या शिवारात आहे. आजचा थ्रेड त्या कचऱ्याच्या डोंगराच्या इतिहासाविषयी आहे. थोडा मोठा आहे. पण शेवटपर्यंत सोबत राहा. सुरुवात मात्र डोंगरापासून न करता मराठीतील एका जुन्या म्हणीपासून करू.

२/
‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते.’ आपण ही म्हण माणसांविषयी वापरतो. वाईट दिवस कायमचे नसतात, कधी ना कधी पालटतात, एवढाच तिचा अर्थ आपल्या मनात उरला आहे. पण म्हणी हवेतून येत नाहीत. त्या कुणाच्या तरी रोजच्या अनुभवातून येतात. मग प्रश्न असा, की उकिरड्याचे दैव पालटते म्हणजे नेमके काय होते? सर्वांनी नाक मुरडलेल्या ढिगाला चांगले दिवस कसे येतात? याचे उत्तर शेतकऱ्याला विचारावे लागते, आणि त्यासाठी आधी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द समजून घ्यावे लागतात.

३/
जुन्या मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग येतात. पिकाऊ शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. वस्तीची माती पांढुरकी का? पिढ्यान्पिढ्या चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, गोठ्यातील गाळ आणि घरातला केरकचरा एकाच ठिकाणी साचत गेला म्हणून. अनेक जुनी गावे आज टेकाडावर वसल्यासारखी दिसतात. ते टेकाड बरेचदा निसर्गाने दिलेले नसते. ते गावकऱ्यांच्याच पूर्वजांनी नकळत रचलेले असते. आपली गावे एका अर्थाने आपल्याच टाकाऊ वस्तूंवर उभी आहेत.

४/
उकिरडा या काळी-पांढरीच्या मध्ये बसतो. शेण, गोठ्यात उरलेले गवत-कडबा, राख, भाज्यांची देठे, पालापाचोळा असे सारे तिथे पडून कुजत राही. उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, शेतकरी उकिरडा उपसून बैलगाडीने खत शेतात नेई. पडीक पांढरीची मातीसुद्धा शेतात पसरली जाई, कारण तिच्यातील कस शेतकऱ्याला ठाऊक होता. काळीतून आलेले धान्य पांढरीत खाल्ले जाई आणि पांढरीतले उरलेसुरले पुन्हा काळीत जाई. म्हणीतल्या उकिरड्याचे दैव फिटते ते इथे. तो शेवटी पीक होऊन घरी परत येतो.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला उकिरड्याचे आणखी एक महत्त्व आहे. डेक्कन कॉलेजने १९६८पासून दीड दशक पुणे जिल्ह्यातील इनामगावचे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी आपल्यासाठी एकही लेख मागे ठेवलेला नाही. ते कोणते धान्य पिकवत, कोणत्या जनावरांचे मांस खात, घरे कशी बांधत, हे आपल्याला कळते ते जळक्या धान्याच्या दाण्यांवरून, हाडांवरून, फुटक्या खापरांवरून. म्हणजे त्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंवरून. राजांची दफ्तरे असतात, सामान्य माणसाचे दफ्तर म्हणजे त्याचा उकिरडा. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

६/
इथवर वाचून जुन्या गावाविषयी गोड हुरहूर वाटू लागली असेल, तर थांबणे आवश्यक आहे. काळी-पांढरीचे हे चक्र आपोआप फिरत नव्हते, ते काही माणसांच्या पाठीवर फिरत होते. गावाच्या वेशीवर राखण करणारा येसकर महार असे. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे ही कामेही महारांच्याच वाट्याला जातीने बांधून दिलेली होती. मातंग समाज दोर वळी आणि शिंदीच्या पात्यांच्या केरसुण्या बांधी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती बांधणाऱ्या हातांना मात्र गावाने वेशीबाहेर ठेवले होते.

७/
शेंद्रा कमंगर येथील मांगीरबाबांचे स्थान हे मातंग समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे आणि चैत्रातील यात्रेला तिथे दूरदूरहून लोक येतात. कारखान्यांसाठी प्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीपासून शेंद्र्याची ही ओळख आहे. मार्च १९२७मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. १९२८मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनी कामाच्या वेठीविरुद्ध विधेयक मांडले. गावाची घाण कुणी उचलायची, हा प्रश्न आरोग्याचा होण्याआधी न्यायाचा आहे, हे महाराष्ट्राला इतक्या स्पष्टपणे प्रथम तेव्हा ऐकावे लागले.

८/
आता गावातून शहरात येऊ. १६१०मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी या गावी नवे शहर वसवले. डोंगरउतारावरचे भूजल मातीच्या नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याची अजोड कामगिरी. पुढे १६५३मध्ये दख्खनची सुभेदारी पुन्हा मिळाल्यावर औरंगजेबाने इथे मुक्काम ठेवला आणि शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जाऊ लागले. नहरी वाढल्या, अठराव्या शतकात पाणचक्की उभी राहिली. शहरात पाणी कसे आले, याच्या खुणा आपण आजही पर्यटकांना अभिमानाने दाखवतो. शहरातून बाहेर काय गेले आणि ते कुणी नेले, याचे स्मारक मात्र कुठेही नाही.

९/
ते नेणाऱ्यांची आठवण शब्दांत मात्र उरली आहे. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल सांगतो, की झाडूवाल्यांसाठी ‘हलालखोर’ हा शब्द अकबराने रूढ केला. हलालखोर म्हणजे कष्टाचे, न्याय्य मार्गाने मिळवलेले खाणारा. नाव सन्मानाचे मिळाले, काम आणि स्थान बदलले नाही. पुढे इंग्रजांच्या मुंबईत मैला वाहून नेण्याच्या सेवेसाठी जो कर घेतला जाई, त्याच्या नावातही हाच शब्द होता. मानाचे नाव द्यायचे आणि परिस्थिती तशीच ठेवायची, ही आपली जुनी सवय आहे.

१०/
शहरे वाढली तरी दीर्घकाळ काळी-पांढरीचे नाते पूर्ण तुटलेले नव्हते. मराठीत मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हणतात, यातच त्याची किंमत कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याची नगरपालिका मैला आणि राख यांपासून तयार केलेले खत विकत असे आणि मुठा कालव्याच्या पाण्यावर ऊस लावणारे शेतकरी ते घेऊन जात. पुण्याची घाण उसाच्या रूपाने पुन्हा पुण्याच्या बाजारात येत होती. चक्र थोडे लांबले होते, पण अजून फिरत होते. ते मोडण्याची सुरुवात झाली, असे म्हणायला एक वर्ष निवडायचे असेल तर मी १८९६ निवडेन.

११/
सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. रोग पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा सिद्ध व्हायचे होते; सरकारचा रोख दुर्गंधी, दाट वस्ती आणि घाण यांवर होता. भिंती धुतल्या गेल्या, घरे पाडली गेली, लोकांची हलवाहलव झाली. पुण्यात याच मोहिमेच्या जाचातून २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. कचऱ्याच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र प्लेगचा वेगळा परिणाम झाला. कचरा हे यापुढे खत राहिले नाही, तो धोका ठरला. खत जवळ ठेवायचे असते; धोका दूर पाठवायचा असतो.

१२/
आणि दूर पाठवण्याचे साधन हाताशी होते : रेल्वे. चेंबूरच्या दलदलीत मुंबईचा कचरा टाकण्यासाठी कचऱ्याच्या गाड्या सुरू झाल्या. १९०६मध्ये कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग टाकला गेला, तो मुळात याच गाड्यांसाठी होता. प्रवासी त्या मार्गावर १९२४मध्ये आले. म्हणजे आजच्या हार्बर मार्गाच्या या तुकड्यावर माणसांच्या आधी कचऱ्याने प्रवास केला आहे. १९२७पासून देवनारची क्षेपणभूमी वापरात आली. तेव्हा ती शहराबाहेर होती. पुढे शहर तिच्यापर्यंत चालत आले, तिला वळसा घालून पुढेही गेले, आणि जानेवारी २०१६मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर मुंबईने अनेक दिवस छातीत भरून घेतला.

१३/
दूर पाठवण्याखेरीज दुसरा मार्ग त्या काळी कुणाला सुचलाच नव्हता का? सुचला होता. १८८४च्या सुमारास पॅरिसचा प्रशासक यूजेन पूबेल याने घरमालकांवर झाकणाचे डबे ठेवण्याची सक्ती केली. कुजणारा कचरा एकात, कागद व चिंध्या दुसऱ्यात, काच, खापऱ्या व शिंपले तिसऱ्यात. लोक इतके चिडले, की डब्यालाच त्यांनी ‘पूबेल’ म्हणायला सुरुवात केली. फ्रेंच भाषेत कचराकुंडीला आजही हेच नाव आहे. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा ही कल्पना म्हणजे एखाद्या ताज्या अभियानाची घोषणा नव्हे. तिचे वय सव्वाशे वर्षांहून जास्त आहे.

१४/
दुसरे उदाहरण तर होळकरांच्या इंदूरचे आहे. १९२४ ते १९३१ या काळात कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संस्थेत पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करून काही महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१मध्ये दोघांच्या नावे यावरचे पुस्तक निघाले आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आपल्या शेतकऱ्याच्या उकिरड्याला शास्त्राने दिलेला हा मुजरा होता. बारा वर्षांची दैना काही महिन्यांत फिटू शकते, एवढेच त्यात सिद्ध झाले होते.

१५/
मग आपल्या शहरांत ते का टिकले नाही? कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कचऱ्याची जातच बदलली. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, वेष्टने, विजेऱ्या, रंगांचे डबे हे सारे भाजीच्या देठांसोबत एकाच कुंडीत पडू लागले. देठ कुजते, प्लास्टिक कुजत नाही. आणि दोन्ही एकत्र झाली की देठाचेही खत होत नाही. अशा खतात काचा आणि चिंध्या निघू लागल्यावर शेतकऱ्याने ते नाकारले. काळीने पांढरीशी व्यवहार थांबवला. आता कचऱ्याला परतीचा रस्ता उरला नाही. साचत राहणे एवढेच त्याच्या हाती उरले.

१६/
औरंगाबादची झपाट्याची वाढ नेमकी याच काळातली. सिडकोची नवी वसाहत, चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, त्यानंतर वाळूज. आणि ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. याच दशकात नारेगाव-मांडकीच्या शिवारात कचरा टाकण्यास सुरुवात झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांवर पोहोचली होती. रोजचा कचरा सुमारे साडेचारशे टन. तो सारा एकत्रच उचलला जाई, एकत्रच नेला जाई, एकत्रच ओतला जाई. शहराच्या दृष्टीने काम तिथे संपत होते. मांडकी आणि आसपासच्या गावांच्या दृष्टीने ते तिथे सुरू होत होते.

१७/
उघड्यावर साचलेल्या मिश्र कचऱ्याचे पुढे काय होते? आतला ओला भाग हवेविना कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. म्हणून असे ढीग वरचेवर पेटतात आणि आतल्या आत धुमसत राहतात. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळेकुट्ट होऊन बाहेर पडते आणि जमिनीत, ओढ्यांत, विहिरींत उतरते. माशा, मोकाट कुत्री, घारी यांचा उपद्रव होतो, आणि विमानतळ जवळ असेल तर घारींचा प्रश्न विमानांचाही होतो. नारेगावच्या बाबतीत या साऱ्या तक्रारी वर्षानुवर्षे मांडल्या गेल्या. या गावांनी शहराला धान्य, दूध, भाजी दिली. शहराने परतफेड केली ती ही अशी.

१८/
कायदा झोपला होता असे नाही. अल्मित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिच्यातून २००० सालचे नागरी घनकचरा नियम आले, आणि देशातील शहरांनी ३१ डिसेंबर २००३पर्यंत कचऱ्यावर प्रक्रियेची सोय उभारावी, असे त्यांत म्हटले होते. २०१६मध्ये नवे नियम आले. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरले. म्हणजे पूबेलचे तीन डबे आपल्याकडे कायद्याने आले, तेव्हा १३० वर्षे उलटून गेली होती. नारेगावात ओतणे मात्र तसेच चालू राहिले.

१९/
ऑक्टोबर २०१७मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. महापालिकेने मुदत मागून घेतली. मुदत संपली, पर्यायी व्यवस्था झाली नव्हती. तेव्हा १६ फेब्रुवारी २०१८पासून ग्रामस्थांनी रस्ता पुन्हा बंद केला, आणि या वेळी ते मागे हटले नाहीत. काही दिवसांतच शहराला आपल्या कचऱ्याचे दर्शन झाले. चौकांत, मोकळ्या मैदानांवर, दुभाजकांच्या कडेला ढीग वाढले. ठिकठिकाणी ते पेटवले गेले आणि धुराचा वास घराघरांत शिरला. तीस वर्षे मांडकीने जे पाहिले, त्याचा अनुभव शहर काही आठवडे घेत होते.

२०/
मार्च २०१८मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली. महापालिकेने दुसऱ्या जागा शोधल्या. पण गाडी जिथे जाई तिथे विरोध उभा राही. ७ मार्च रोजी शहराच्या पश्चिमेला असलेल्या मिटमिट्यात त्याचा स्फोट झाला. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, अश्रुधूर. पोलिसांनी घरांत शिरून मारहाण केल्याचे आरोप झाले. प्रकरण विधिमंडळात गाजले. महापालिका आयुक्तांची बदली झाली, पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. कचऱ्याच्या प्रश्नावरून एका शहराचे दोन्ही आयुक्त जावेत, असा प्रसंग महाराष्ट्रात विरळाच.

२१/
तेव्हा शहरात एक वाक्य वारंवार ऐकू येई : ‘गाववाले अडून बसले आहेत.’ इतिहासाच्या अंगाने पाहिले तर ते वाक्य उलटे करावे लागते. अडून बसले होते ते शहर. आपल्या हद्दीबाहेरची जमीन ही आपल्या कचऱ्याची हक्काची जागा आहे, हे गृहीतक ते सोडत नव्हते. पूर्वी घाणीचे काम करणाऱ्या माणसांना वेशीबाहेर ठेवले जाई. आता घाणच वेशीबाहेर नेऊन तिथल्या माणसांच्या दारात टाकली जात होती. नारेगाव, मांडकी आणि मिटमिटा यांनी एवढेच विचारले, की तुमची वेस संपते तिथे आमचे घर सुरू होते, त्याचे काय?

२२/
संकटातून काही शिकले गेले, हेही नोंदवायला हवे. प्रभागांत ओल्या कचऱ्यासाठी खड्डे घेतले गेले, घरोघरी वर्गीकरणाचा आग्रह सुरू झाला. पुढे चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल येथे प्रत्येकी १५० टन, तर कांचनवाडीत ३० टन क्षमतेचा बायोगॅस प्रकल्प अशी विभागणी करण्यात आली. एकाच गावावर सगळा भार न टाकता तो शहराच्या चार दिशांना वाटण्याची ही कल्पना महत्त्वाची आहे. शहरी कचऱ्याचे खत शेतकऱ्यांपर्यंत न्यावे म्हणून राज्य सरकारने ‘हरित’ नावाची मुद्राही आणली. काळी-पांढरीचा मोडलेला व्यवहार पुन्हा जोडण्याचाच हा प्रयत्न म्हणायचा.

२३/
तो जोडता येतो, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. कोकणातल्या वेंगुर्ले नगरपरिषदेने घरातूनच काटेकोर वर्गीकरण करवून घेतले आणि जुन्या कचरा डेपोची जागा लोक आवर्जून पाहायला जातील अशी केली. पुण्यात १९९३मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घडली. कचरा वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र मिळाले, घराच्या दारातून कचरा घेण्याचा हक्क मिळाला. बाबासाहेबांनी १९२७-२८मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे हे अपुरे पण खरे उत्तर आहे. यंत्रे नंतर येतात. काम करणाऱ्याचा मान आधी ठरवावा लागतो.

२४/
आता शेंद्रा. २००१पासून इथल्या औद्योगिक क्षेत्रात मोटारी तयार होत आहेत. त्याला लागून, दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांवर ‘ऑरिक’ हे नवे शहर आखले गेले. ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्याच्या मुख्य इमारतीचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. रुंद रस्ते, भूमिगत वाहिन्या, सांडपाण्याचा पुनर्वापर असे त्याचे नियोजन आहे. मलिक अंबरानंतर या परिसरात रिकाम्या कागदावर आखलेले एवढे मोठे दुसरे शहर नसावे. आणि जुने शहर जालना रस्त्याने हळूहळू त्याच्याकडे सरकत आहे. नारेगाव, जे कधी ‘बाहेर’ होते, ते आता दोन शहरांच्या मध्ये येऊ लागले आहे.

२५/
देवनारचा इतिहास पाहता यात आश्चर्य काही नाही. ‘शहराबाहेर’ ही जागा नकाशावर फार काळ टिकत नाही. म्हणूनच शेंद्र्याला नव्या शहराची जी संधी मिळाली आहे, तिची कसोटी काचेच्या इमारतींवर होणार नाही. तिथल्या कामगारांच्या वसाहती भरतील, खानावळी, दुकाने, शाळा येतील, तेव्हा रोजचा ओला कचरा शेजारच्या शेतकऱ्याने मागून न्यावा इतका स्वच्छ असेल का? सुका कचरा वेचणाऱ्याला त्या शहरात नाव आणि पगार असेल का? की पुन्हा एखादी मांडकी शोधली जाईल? कुंभेफळ, लाडगाव, करमाड ही गावे तिथून काही फार दूर नाहीत.

२६/
शेवटी इनामगावकडे परत. साडेतीन हजार वर्षांनी कुणी नारेगावचा ढीग खणला, तर त्याला आपली भाषा येत नसली तरी आपण कोण होतो हे कळेल. तळाशी १९८०च्या दशकातली माती आणि चिंध्या, मग वाढत जाणारे प्लास्टिकचे थर, आणि एका ठिकाणी अचानक थांबलेली रचना. तो थर २०१८चा. गावकऱ्यांनी रस्ता अडवला, ती तारीख त्या ढिगात कोरली गेली आहे. गाड्या थांबल्या म्हणून साचलेला डोंगर काही उठून गेला नाही. बारा वर्षे दोनदा उलटून गेली तरी त्या उकिरड्याची दैना फिटली नव्हती. म्हण चुकीची नव्हती. आपणच उकिरड्यात असे काही टाकत राहिलो, की त्याचे दैव फिरूच नये.

२७/
एक विनंती. तुमच्या गावात उकिरडा कुठे होता, आज त्या जागी काय आहे आणि गावाचा कचरा आता कुठे जातो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि इथे लिहा. याच्या नोंदी बखरींत नाहीत, सनदांत नाहीत. आजी-आजोबांच्या आठवणी हेच याचे दफ्तर आहे, आणि ते फार काळ आपल्या हाती राहणार नाही.

समाप्त.